अक्का, तुला मी एकदाही उलटवलं न्हाई

प्रिय अक्का,
सप्रेम जयभीम.

आज रविवार, आणि क्लास न्हाई. मंठ्याच्या मंगल कार्यालयात लग्न आहे, म्हणून मॅडमनी मॅट गुंडाळून भिंतीला उभ्या करून ठेवल्यात. या महिन्यातला हा तिसरा रविवार असा गेला. दाट तिथी आहे म्हणे! सकाळपासून मी घरात चिडचिड करून राह्यले. भांडी आपटून झाली, तुझ्या दिरावर ओरडून झालं, तो बिचारा गाडी पुसायच्या निमित्तानं बाहेर गेला. मंग वही घेऊन बसले.

चिडले आहे ती तुझ्यावर. आठ महिने झाले तुला जाऊन आणि माझा राग अजून बराबर तिथंच आहे. परवा तुमच्या ओसरीवर एक गोष्ट झाली, तेव्हापासून तर जास्तच. तीच सांगायची आहे. पण आधीचं आधी सांगते, न्हाई तर माझं सगळं उलटसुलट होईल.

पत्रात तुला 'तू' म्हणते आहे, चालेल ना? घरात तर कायम 'अहो अक्का'च म्हणत आले. थोरली जाऊ ना तू! 'तू' फक्त मॅटवर. तेसुद्धा पहिल्या महिन्यात तू माझ्या छातीवर बसली होतीस, मला श्वास घेता येत नव्हता, आणि तोंडातून निघून गेलं, 'ऊठ तू!' 'उठा' म्हणायला तेवढा दम उरला नव्हता. तू हसलीस आणि म्हणालीस की इथं तूच म्हणत जा, घरी गेल्यावर अहो. मंग हे पत्र मॅटवरचंच समज.

अकरा वर्षं आपण एका अंगणात राहिलो आणि बोललो न्हाई. म्हणजे नळाला पाणी आलं, गॅसवाला आला, आत्याबाईंची बीपीची गोळी संपली, एवढं बोललो. दोन चुली, मधे तुळतुळीत सारवलेलं अंगण, आणि तुझ्या दारातून माझ्या दारापर्यंत वीस पावलं.

कारण तुलाही माहीत होतं, मलाही. माझं पहिलं पोर पाचव्या महिन्यात गेलं, आणि भेटायला आलेल्या बायांसमोर तू म्हणालीस, रोज एसटीनं परतूरला जायची हौस, धक्के का थोडे बसतेत? मी आतल्या खाटेवर पडले होते. मधे एवढीशी भिंत. शब्द न् शब्द ऐकू आला. पुढं पोरगी झाली, ती शाळेत जायला लागली, मी त्याच एसटीनं जाऊन त्याच शाळेत क्लार्कची नोकरी करत राहिले, पण ते वाक्य काही माझ्यातून गेलं न्हाई.

आणि मंग एका दुपारी तू ती वीस पावलं चालून माझ्या दारात आलीस. मी डाळ निवडत होते. तू उंबऱ्यावर उभी राहूनच सांगितलंस की अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला मंठ्याला गेल्तीस, तिथं एका पोरीनं ब्राझिलियन जिउ-जित्सू नावाचं काहीतरी करून दाखवलं. पन्नास किलोची पोरगी, आणि ऑफिसातल्या धिप्पाड शिपायाला तिनं खाली घेऊन असं बांधलं की तो जागचा हलेना. ती आता बायांसाठी क्लास काढणार होती, पण जोडीनं या म्हणत होती.

"मला जोडीदार पाह्यजे," तू म्हणालीस. "येतीस का?"

मी विचारलं, तिथं करायचं काय.

"एकमेकीचा गळा दाबायचा असतो," तू न हसता म्हणालीस. "तुला आवडंल."

अक्का, तू माझ्याआधी पाच जणींना विचारून आल्तीस, हे मला नंतर कळलं. सहावी मी! पण आता खरं सांगते, मी तरी कुठं चांगल्या मनानं आले? तुझा गळा दाबायला मिळेल म्हणूनच आले.

वाटूर फाट्यावर चार दिवस तोच विषय. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं की जावाजावांना गळे दाबायला क्लास कशाला लागतो. आत्याबाई त्याला 'जुजू' म्हणायच्या. दोघी जुजूला गेल्या, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि लोकांना वाटायचं आपण दवाखान्यात गेलो.

तुला तो हॉल आठवतो का गं? शनिवार-रविवार दुपारी तीनला आपण स्कूटीवरून पोचायचो, तेव्हा आदल्या दिवशीच्या मसालेभाताचा वास तिथंच असायचा. मॅटच्या फटींत अक्षता अडकलेल्या. प्रतिभा मॅडम आधी झाडून घ्यायच्या, आपणही खराटा धरायचो. एवढीशी पोरगी, सत्तावीस वर्षांची, मंठ्याजवळच्याच शेतकऱ्याची. पुण्यात नोकरी करता करता शिकली, निळा पट्टा मिळवला आणि आईच्या आजारपणात गावी परत आली. आपण दोघी तिच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, तरी तिला घाबरायचो. सुरुवातीला आठ बाया होत्या. तीन महिन्यांत चार राहिल्या. त्यातल्या दोन आपण.

आणि तो डाव! छातीवर बसलेल्या माणसाला उलटवायचा. ऐकायला किती सोपा! त्याचा एक हात धरून आपल्या छातीशी आवळायचा. त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायानं अडकवायचा. मंग कंबर उचलून त्याला लोटायचं, सरळ वर न्हाई, त्या बाजूच्या खांद्यावरून तिरकं. तीन गोष्टी. तीनच! शाळेतला वीस वर्षांपूर्वीचा दाखला मी पाच मिनिटांत काढून देते, पण या तीन गोष्टी माझ्या डोक्यात एका वेळी कधी राहिल्याच न्हाईत. हात धरला की पाय विसरायची. पाय अडकवला तं तो दुसऱ्या बाजूचा. दोन्ही जमलं की कंबर सरळ वर उचलायची, आणि तू तुझे ब्याऐंशी किलो घेऊन झोपाळ्यावर बसल्यासारखी वर जाऊन पुन्हा खाली यायचीस.

तुला दुसऱ्याच आठवड्यात जमला. मी एकावन्न किलोची, मला तू अशी फेकायचीस जसं गोधडी झटकतेत.

"खांद्यावरून, संगे, खांद्यावरून!" तू वरून ओरडायचीस. मला रडायला यायचं. एकदा मॅडम म्हणाल्या, शोभाताई, ती शिकेपर्यंत जरा हलक्या बसा. तू काय उत्तर दिलंस? खरंच कुणी हिला पाडलं तं तो हलका बसंल का, म्हणालीस.

अक्का, तू तिथं चुकीची होतीस. मी तेव्हा बोलले न्हाई, आता बोलते. शिकताना जोडीदारानं थोडं सोडायचं असतं. आधी पूर्ण सोडायचं, मंग थोडा जोर, मंग जास्त. मॅडम हे दर क्लासला सांगायच्या. तू अंगणवाडीतल्या लेकरांना पहिल्या दिवशी गाणं पूर्ण म्हणायला लावायचीस का? मंग माझ्यावरच का बसलीस एवढी जड? तू थोडं सोडलं असतंस तं मी शिकले असते. आणि शिकले असते तं तुला एकदा तरी उलटवलं असतं. दीड वर्षात एकदा तरी!

तुझी दुसरी खोड त्याहून वाईट. दुखलं, गुदमरलं, की हातानं दोनदा थाप मारायची आणि समोरच्यानं तिथल्या तिथं सोडायचं, हा त्या खेळातला पहिला नियम. टॅप करायचं. मी तं हात लावला की टॅप करायची. तू मात्र दात-ओठ खात पडून राहायचीस. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी, पण हात काही हलायचा न्हाई. मॅडमनी तुला दोनदा बाहेर बसवलं त्यावरून. तू म्हणायचीस, थोडंच तं राह्यलं होतं, सहन झालं असतं.

आणि मंग तो शनिवार आला. मागून गळ्याचा डाव चालला होता. माझा हात तुझ्या गळ्याभोवती बराबर बसला, आयुष्यात पहिल्यांदा बराबर बसला, आणि तू नेहमीसारखी टॅप करेनास. मला कळत होतं की आता सोडायला पाह्यजे. तुझा श्वास बदलला होता. आणि मी सोडलं न्हाई. दोन सेकंद असतील, तीन असतील. तेवढ्यात तुझी मान माझ्या हातावर गळून पडली.

मी किंचाळले. मॅडम धावत आल्या, तुला पाठीवर घेतलं, पाय वर उचलून धरले. तू लगेच डोळे उघडलेस, इकडं-तिकडं बघितलंस आणि विचारलंस, "लेकरांना खिचडी वाढली का?" मॅडमना हसू आवरेना. मी कोपऱ्यात जाऊन उलटी केली.

येताना मी गाडी चालवत होते आणि तू मागं होतीस. वाटेत एका लिंबाच्या झाडाखाली तू मला थांबवलंस.

"मुद्दाम धरलंस ना?" तू विचारलंस.

मी म्हणाले, मला न्हाई माहीत.

"मला माहीत हाय. एसटीचं बोलले होते त्याचं." तू रस्त्याकडं तोंड फिरवलंस. "ते चूक बोलले होते मी. बोलल्या बोलल्या कळालं होतं. मंग रोज वाटायचं, उद्या जाऊन सांगावं."

अकरा वर्षं, अक्का! वीस पावलं चालायला अकरा वर्षं! मी त्या झाडाखाली रडले तं तुला वाटलं मला बरं वाटलं. न्हाई गं. मला राग आला होता. तू माफी मागितलीस त्याचा न्हाई, एवढी सोपी होती ती माफी, याचा.

गाडीवर बसताना तू म्हणालीस, हे आजचं घरी सांगू नको, तुझे भाऊजी क्लास बंद करतील. मी न्हाई सांगितलं. आपलं दोघींचं ते पहिलं गुपित. मला तं आवडलंच होतं ते, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरचे सात-आठ महिने चांगले गेले. तुझ्या ओसरीवर गोधड्या टाकून आपण सराव करायचो आणि आत्याबाई खाटेवरून सूचना द्यायच्या, पाय धर तिचा, पाय. त्यांना काही कळत नव्हतं, पण त्या नेहमी माझ्या बाजूनं असायच्या, कारण मी कायम खाली असायची. तू मला अंबाडीची भाजी द्यायला लागलीस, मी तुझे अंगणवाडीचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला लागले. तुझ्या मोबाइलमध्ये बोट कुठं लावायचं हे तुला कधी कळलं न्हाई आणि माझी कंबर कधी तिरकी गेली न्हाई. दोघी एकमेकीला ढ म्हणायचो.

मंग पोळा झाला आणि त्यानंतरचा शनिवार.

तू माझ्या छातीवर बसलीस आणि तुझे गुडघे माझ्या बरगड्यांना लागले, ते तापलेल्या तव्यासारखे. गीचं, त्या सरावाच्या झग्याचं, कापड एवढं जाड, तरी त्यातून कळलं. मी डाव सोडून तुझ्या कपाळाला हात लावला. ताप होता, चांगला सणसणीत. मी मॅडमना सांगायला उठले तं तू माझं मनगट धरलंस.

"कालपासून हाय. गोळी घेतलीय," तू हळूच म्हणालीस. "घरी बोलू नको. यांना कळालं तं म्हणतील जुजूनं ताप आला, आन् क्लास बंद. सोमवारी लेकरांची वजनं हायेत, ती झाली की दवाखान्यात जाते."

आणि मी ऐकलं.

का ऐकलं? आठ महिने मी हेच विचारून राह्यले स्वतःला. मी शिकलेली बाई आहे, शाळेच्या फळ्यावर डेंग्यूची सूचना मीच दरवर्षी लिहिते. पण तू माझं मनगट असं धरलं होतंस, आणि 'संगे' म्हणाली होतीस, आणि मला वाटलं, अकरा वर्षांनी हिनं मला आपलं मानलंय, आता हिचं गुपित फोडलं तं पुन्हा अबोला होईल. एवढंच होतं बघ कारण. मला तुझ्या अबोल्याची भीती वाटली.

सोमवारी ताप उतरला. तू अंगणातूनच मला हात करून दाखवलास, बघ, गेला म्हणून. मला किती हायसं वाटलं! डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं असतं, हे मला तुझ्यानंतर कळलं. मंगळवारी तू अंगणवाडीतच कोसळलीस. जालन्याला नेईपर्यंत तुझे हातपाय गार पडले होते. डॉक्टरांनी रात्रभर धडपड केली. बुधवारी दुपारी तू गेलीस. सेहेचाळीस वर्षांची होतीस.

जलदानविधीला विहाराबाहेरही माणसं बसली होती. साठ लेकरांच्या आया आल्या होत्या. प्रतिभा मॅडम मागं उभ्या होत्या. भाऊजींनी त्यांना बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "या कुस्त्यांनीच मारलं तिला. अंगातली ताकद सगळी तिथं घालवली." मॅडम हात जोडून निघून गेल्या. मी तिथंच होते, अक्का. मला माहीत होतं की असं न्हाई. तरी मी पदर तोंडाला लावून बसून राहिले.

तीन महिने मी क्लासला गेले न्हाई. मंग तुझा दीरच म्हणाला की जा, घरात बसून तू आम्हाला खाऊन टाकशील. मी गेले, त्या दिवसापासून भाऊजींनी माझ्याशी बोलणं बंद केलं. पुन्हा तेच अंगण, पुन्हा तोच अबोला! नळाला पाणी आलं, गॅसवाला आला.

मॅडमनी मला कॉलेजच्या ऋतुजासोबत लावलं. गोड पोरगी आहे, सत्तेचाळीस किलोची. पहिल्याच आठवड्यात मी तिला उलटवलं. हात, पाय, खांदा, सगळं बराबर. ती लांब जाऊन पडली आणि टाळ्या वाजवायला लागली. मला इतका राग आला की काय सांगू. तिला कुणीही उलटवेल! एकदा तिला म्हणाले, जड बस. तिनं जीव खाऊन प्रयत्न केला. पण पोरीकडं वजनच न्हाई, ती तरी काय करणार?

मागच्या महिन्यात मॅडमनी माझ्या पट्ट्याच्या टोकाला चिकटपट्टीची पांढरी पट्टी लावली. प्रगती झाली की अशी एकेक पट्टी लावतात, तुला माहीत आहे, तुला दोन होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर मी गाडीच्या सीटवर बसून नखानं ती खरवडून काढली. मॅडमनी गच्चीवरून बघितलं. खाली येऊन म्हणाल्या, ताई, डाव तोच असतो, वर कोण बसलंय त्यानं बदलत न्हाई. मी म्हणाले, बदलतो.

आता परवाचं सांगते.

तुझ्या जागी नवी सेविका आली आहे. तिला तुझी रजिस्टरं द्यायची होती आणि भाऊजींना त्यातलं काही समजेना, म्हणून शुक्रवारी त्यांनी आत्याबाईंकरवी मला बोलावलं. मी ओसरीवर बसून लेकरांच्या वजनाचं रजिस्टर वेगळं काढत होते. ते तुझी अंगणवाडीची पिशवी रिकामी करत होते. त्यातून गोळ्यांची एक पट्टी निघाली. दहातल्या सहा संपलेल्या. त्यांनी ती हातात घेतली. मंग पाच महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून बोलले.

"तुला माहीत होतं का, संगीता?"

न्हाई म्हणता आलं असतं. आठ महिने न बोलता न्हाईच म्हणत आले होते. पण मी सांगितलं. शनिवारी अंग तापलं होतं ते, तू मनगट धरलंस ते, मी गप्प राहिले ते. सुरुवात झाली तशी थांबताच येईना, गळ्याचा डाव मी जास्त वेळ धरला तेही सांगून टाकलं, त्याचा काही संबंध नव्हता तरी. मान खाली घालून सांगत होते. वाटलं, आता उठून ओरडतील, अंगणातून हाकलतील.

मी वर बघितलं तं ते त्या पट्टीवरच्या रिकाम्या खाचा एकेक दाबून राह्यले होते.

"ही पट्टी मीच आणून दिल्ती," भाऊजी म्हणाले. "शुक्रवारी. फाट्यावरच्या मेडिकलमधून."

मला आधी कळेचना. मंग त्यांनी सांगितलं. तू त्यांना शुक्रवारीच सांगितलं होतंस, अंगात कणकण आहे म्हणून. ते म्हणाले होते दवाखान्यात चल. आणि तू त्यांना म्हणाली होतीस, "संगीला बोलू नका. तिला कळालं तं मला क्लासला न्हेणार न्हाई."

अक्का!

मला सांगितलंस त्यांना सांगू नको. त्यांना सांगितलंस मला सांगू नका. आम्ही दोघं वीस पावलांवर आठ महिने बसून होतो, आणि दोघांना वाटत होतं, फक्त मलाच माहीत होतं. ते रोज तुझ्या फोटोसमोर बसायचे ते एवढ्यासाठी. क्लासला शिव्या द्यायचे ते एवढ्यासाठी. "कुणाला तरी दोष द्यायचा होता," ते म्हणाले, "माझ्यावर घ्यायची हिंमत न्हाई झाली."

एकाला जरी तू गप्प केलं नसतंस, तं दुसऱ्यानं तुला उचलून नेलं असतं. मी त्यांना एक वाक्य बोलले असते, किंवा त्यांनी मला. तू वाचली असतीस का? माहीत न्हाई. जालन्याच्या डॉक्टरांनाही भाऊजींनी हेच विचारलं होतं, तेही म्हणाले की सांगता येत न्हाई. पण आम्ही प्रयत्न तं केला असता! तो सुद्धा तू आम्हाला करू दिला न्हाईस. कशासाठी? शनिवारचा एक क्लास चुकू नये म्हणून? क्लास कुठं पळून चालला होता गं?

माझा राग गेला न्हाई. उलट आता त्याला जागा मिळाली. आधी तो माझ्यावरही होता, भाऊजींवरही होता, त्या बिचाऱ्या ऋतुजावरही होता. आता सगळा तुझ्यावर आहे आणि मला तो तिथंच बरा वाटतो. तू थोरली आहेस, सहन कर.

भाऊजींनी त्या दिवशी स्वतः चहा केला. फार गोड झाला होता. आत्याबाईंना मोठ्यानं सांगितलं, बहिऱ्या आहेत ना, की संगीता क्लासला जाते त्यात काही वाईट न्हाई, मी उगाच बोललो. मंग माझ्याकडं वळून म्हणाले, त्या मॅडमचा नंबर दे, मला त्यांची माफी मागायची आहे. मी नंबर दिला. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. मी आत निघून आले, पण भिंत अजून एवढीशीच आहे, ऐकू आलं. आवाज फुटत होता त्यांचा.

आणि काल अजून एक झालं, तेही सांगते. पोरगी शाळेतून आली आणि गाल धरून माझ्याजवळ बसली. दाढ दुखते म्हणाली, चार दिवसांपासून. मंग माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, बाबांना सांगू नको ना, ते लगेच दवाखान्यात नेतील. मी तिच्याकडं बघितलं, उठले, आणि त्याच पावली तिच्या बाबांच्या दुकानावर जाऊन सांगितलं. संध्याकाळी दाढ काढून आणली. पोरगी कालपासून तोंड फुगवून बसली आहे, माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई.

बसू दे. हाच शब्द देते तुला, अक्का. इथून पुढं माझ्या माणसांपैकी कुणीही दुखणं सांगून वर 'कुणाला बोलू नको' म्हणालं, तं मी बोलणार. भाऊजी असोत, आत्याबाई असोत, पोरगी असो. मनगट धरलं तरी बोलणार. अबोला धरला तं धरू दे, महिनाभर धरू दे, वर्षभर धरू दे. मी त्याच अंगणात पाणी भरत राहीन.

तुझ्यावर रागावलेली,
तुझी धाकटी जाऊ
संगी
वाटूर